शहरातील मुलांची क्रीडांगणे : शिकागोचा अनुभव

शिकागो शहराचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकाच्या मनात १८९३ सालची सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंदांचे भाषण ही चटकन उभी राहतात. ही परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, ते प्रदर्शन मिशिगन सरोवराच्या काठी जॅक्सन उद्यानाच्या विस्तीर्ण जागेवर मांडलेले होते. शुभ्र प्रासाद, पाण्याचे कालवे, विजेच्या दिव्यांचा झगमगाट, असा तो थाट पाहून लक्षावधी प्रेक्षक थक्क झाले. तेथून काही मैलांवर त्याच शहराचे दुसरे रूप पाहावयास मिळे. कत्तलखान्यांचा दर्प, त्यांची घाण पोटात घेऊन कुजत पडलेला नदीचा फाटा, लाकडी घरांच्या दाट ओळी आणि त्या ओळींमधून दिवसभर हिंडणारी मुले. शहराला उद्याने नव्हती असे नाही. मोठमोठी उद्याने होती, त्यांत तळी व वृक्षराजी होती. परंतु ती गाडीघोडे बाळगणाऱ्यांच्या सोयीने वसविलेली होती. तेथे जावयाचे ते हवा खाण्यास व फेरफटका मारण्यास. मजुराच्या मुलास तेथवर पोहोचण्याचे ट्रामचे पैसेच परवडत नसत.

ह्या मुलांकडे ज्यांचे लक्ष प्रथम गेले त्यांत जेन ॲडम्स ह्या बाईंचे नाव अग्रभागी आहे. १८८९ साली त्यांनी आपली मैत्रीण एलन गेट्स स्टार हिच्यासह हॉल्स्टेड रस्त्यावरील एका जुन्या हवेलीत बिऱ्हाड केले. इटली, ग्रीस, बोहेमिया, रशिया अशा देशांतून आलेल्या गरीब कुटुंबांची ती वस्ती होती. ‘हल हाउस’ ह्या नावाने हे सेवागृह पुढे जगप्रसिद्ध झाले, आणि १९३१ साली बाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाईंनी त्या गल्ल्यांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे त्यात एक गोष्ट विसरता येत नाही. रस्त्याच्या फरसबंदीला कचऱ्याच्या अवजड लाकडी पेट्या ठोकलेल्या असत. वस्तीतील मुलांचे बालपण ह्या पेट्यांच्या अवतीभवती, त्यांवर चढून, त्यांत उतरून जाई. ती मुले खोडकर होती, वाईट होती अशातला भाग नव्हता. खेळावयास दुसरे काही नव्हते एवढेच. बाईंनी प्रथम कचऱ्याचा प्रश्न हाती घेतला, १८९५ साली त्या विभागाच्या कचरा-निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूकही झाली. परंतु पेट्या रिकाम्या होऊ लागल्या म्हणून मुलांना खेळावयास जागा मिळाली असे होत नाही.

तोपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉस्टन शहरात एक लहानसा प्रयोग होऊन गेला होता. १८८५ सालच्या उन्हाळ्यात मारी झाक्र्झेव्स्का नावाच्या डॉक्टरीणबाई आपल्या जन्मगावी, बर्लिनला, गेल्या होत्या. तेथील सार्वजनिक बागांत वाळूचे ढीग टाकलेले असत आणि गरीब व श्रीमंत दोघांचीही मुले त्यांत एकत्र खेळत. हे पाहून त्यांनी बॉस्टनच्या एका आरोग्यसंस्थेस पत्र लिहिले. संस्थेने त्याच वर्षी एका प्रार्थनामंदिराच्या अंगणात वाळू आणून टाकली. आठवड्यातून तीन दिवस, जुलै व ऑगस्ट मिळून सहा आठवडे, सरासरी पंधरा मुले येत. लाकडी फावड्यांनी वाळू उकरीत, गाणी म्हणत, रांग धरून चालत. प्रयोग एवढाच, एका गाडीभर वाळूचा. परंतु ह्या वाळूशेजारी वस्तीतीलच एक बाई मुलांकडे पाहण्यास हजर असे, आणि सर्व पुढील इतिहासाचे बीज वाळूत नसून ह्या बाईत आहे. दोनच वर्षांनी, १८८७ साली, अशा वाळूच्या बागा दहा झाल्या आणि तेथे पगारी बाया नेमण्यात आल्या. हे काम स्वयंसेवकांच्या सवडीवर सोडण्यासारखे नाही, त्यास नेमलेले माणूस पाहिजे, हे बॉस्टनकरांच्या इतक्या लवकर ध्यानात आले ही नवलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

आपल्याकडील जुन्या तालमीची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे तत्त्व परके वाटू नये. तालीम म्हणजे तांबड्या मातीचा हौद खरा. परंतु वस्तादावाचून नुसत्या हौदाला कोणी तालीम म्हणत नाही. कोणी कोणाशी लढावे, नव्या पोराला किती घुमवावे, कोणाचे अंग आज दुखावले आहे, हे सारे पाहणारा डोळा तेथे असतो. शहराने पुढे जे शोधून काढले म्हणून डंका वाजविला, ते तालमीत पूर्वापार चालत आलेले होते. फरक असा की तालीम पोरांपुरती आणि एका पेठेपुरती असे. शहराला ते सर्व मुलांसाठी, मुलींसाठीही, आणि सार्वजनिक पैशातून करावयाचे होते.

शिकागोत सुरुवात मात्र एका वादातून झाली. हल हाउसच्या शेजारी काही मोडकळीस आलेली भाड्याची घरे होती. त्यांच्या गलिच्छ स्थितीबद्दल हल हाउसकडून उघड टीका झाली. ती मालमत्ता विल्यम केंट नावाच्या तरुणास वारशाने मिळालेली होती. तो प्रथम रागावला. नंतर स्वतः येऊन त्याने घरे पाहिली आणि ती पाडून मोकळी जागा भाडे न घेता हल हाउसच्या हवाली केली. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तेथे क्रीडांगण उभे राहिले. झोके, घसरगुंडी, वाळू, मोठ्या मुलांसाठी चेंडूचे मैदान असा त्याचा सरंजाम होता. टीका ऐकून रागावणारे घरमालक पुष्कळ असतात. पाहावयास येणारा विरळा.

परंतु एका उदार गृहस्थाच्या एका तुकड्याने दहा लाखांच्या वर वस्ती असलेल्या शहराचे काय होणार? १९०३ साली दक्षिण भागाच्या उद्यानमंडळास दाट वस्तीत लहान लहान उद्याने करण्याची कायदेशीर परवानगी मिळाली. मंडळाचे अधीक्षक जे. फ्रँक फॉस्टर ह्यांनी त्याआधी, १९०२ साली, कत्तलखान्यांच्या नजीक मॅकिन्ली उद्यानात पोहण्याचा हौद व खेळाचे मैदान करून पाहिले होते, आणि लोकांची झुंबड उडालेली सर्वांनी पाहिली होती. त्या अनुभवावर १९०५ साली दहा नवी उद्याने उघडण्यात आली. त्यांची आखणी ऑल्म्स्टेड बंधूंनी केली आणि इमारती डॅनियल बर्नहॅम ह्यांच्या कार्यालयाने बांधल्या. १८९३ च्या प्रदर्शनातील ती शुभ्र नगरी ज्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली तेच हे बर्नहॅम. प्रदर्शन काही महिन्यांत उठले; ह्या इमारती त्याहून फार साध्या, पण दीर्घकाळ टिकल्या.

ह्या उद्यानांत एक नवी गोष्ट होती ती म्हणजे क्रीडागृह. तोवर बाग म्हणजे उन्हाळ्याची चैन असे समजले जाई. शिकागोचा हिवाळा असा की महिनोन्‌महिने बर्फ पडून राहते. त्या दिवसांत मुलांनी जावे कोठे? म्हणून प्रत्येक उद्यानाच्या कडेला एक ऐसपैस इमारत बांधली. तीत पुरुषांची व स्त्रियांची स्वतंत्र व्यायामशाळा, कपडे बदलण्याच्या जागा व स्नानगृहे, मंडळांच्या बैठकीसाठी खोल्या, सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा, नाटक-गाण्यांसाठी सभागृह, आणि स्वस्त दूध व खाणे मिळण्याची जागा अशी सोय होती. बाहेर पोहण्याचा हौद, मोठ्या मुलांचे मैदान, आणि लहानग्यांसाठी उथळ पाण्याचे डबके व वाळू. हिवाळ्यात मैदानात पाणी सोडून त्याचे बर्फ होऊ देत, म्हणजे त्यावर घसरत खेळता येई. प्रवेशास मोल नव्हते. ज्या घरांत नहाणीघर म्हणून काही नव्हते, त्या घरांतील माणसांना येथे गरम पाण्याने अंघोळ करता येई, हा लाभही लहान नव्हे. सभागृहात शेजाऱ्यांची लग्नेकार्ये व नाच होत. दारूच्या गुत्त्यामागील दिवाणखान्याखेरीज गरिबांना समारंभास जागाच नसे; ती आता मिळाली. जेन ॲडम्सबाईंनी १९०९ साली तरुणांवर जे पुस्तक लिहिले त्याचे मुख्य गाऱ्हाणे हेच होते की, शहर तरुण मुलामुलींच्या हातांचे काम तेवढे गोळा करते, त्यांच्या आनंदाची तजवीज मात्र गुत्तेवाल्यांवर आणि नाचघरांच्या मालकांवर सोपवून मोकळे होते.

स्त्रियांच्या व्यायामशाळेविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. निर्वेध सोडलेल्या मैदानात काय घडते हे ज्याने मुले सांभाळली आहेत तो जाणतो. मोठे पोरगे मधली जागा बळकावतात, लहान कडेला सरतात, आणि मुली घरी जातात. हे घडण्यास कोणी दुष्ट असावे लागत नाही. ठराविक वेळ, ठराविक जागा आणि ती राखणारे माणूस असेल तरच मुलगी मैदानावर टिकते. शिकागोच्या क्रीडागृहांत मुलींच्या वर्गासाठी शिक्षिका नेमलेल्या असत. पोहण्याच्या हौदासही स्त्रियांचे वेगळे दिवस ठेवीत. ‘मैदान सर्वांना खुले आहे’ ही पाटी खरी ठरण्यास एवढा खटाटोप लागतो.

येथे एक आक्षेप साहजिक आहे. खेळ म्हणजे मोकळेपणा. त्यावर पगारी माणसाची नजर बसविली म्हणजे त्याची कवायत होणार नाही काय? होते, आणि पुष्कळ ठिकाणी झालीही. शिट्टी वाजली की फिरा, दुसरी वाजली की थांबा, असा प्रकार शाळांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. डेन्मार्कमध्ये ह्याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग झाला. सी. टी. सोरेन्सेन ह्या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आले की आपण बांधलेल्या सुबक क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या-विटांशी मुले अधिक रमतात. १९४३ साली, जर्मनांचा अंमल चालू असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे त्यांच्या कल्पनेप्रमाणे मोडक्यातोडक्या सामानाचे क्रीडांगण निघाले. मुलांनी तेथे स्वतः झोपड्या बांधल्या, खड्डे खणले, पाडले, पुन्हा बांधले. परंतु तेथेही योन बेर्टेल्सेन नावाचा गृहस्थ दिवसभर हजर असे. तो खेळ शिकवीत नसे. खिळे व हातोडी पुरवी, भांडण विकोपास जाऊ देत नसे, आणि बाकी वेळ दूर राही. म्हणजे सगळे मुलांवर सोपविणाऱ्यालाही जवळपास एक मोठे माणूस लागलेच. त्याने काय करावे याविषयी मतभेद असतील. असावे याविषयी नाहीत.

शिकागोतच १८९९ साली अमेरिकेतील पहिले बालन्यायालय स्थापन झाले होते. त्यामुळे कोणत्या वस्तीतील किती मुले न्यायालयापुढे येतात याची नोंद उपलब्ध होती. १९०८ साली ॲलन बर्न्स ह्यांनी नव्या उद्यानांच्या आसपासच्या नोंदी तपासून पाहिल्या, आणि उद्याने झाल्यावर तेथील खटले कमी झालेले आढळले. हा निष्कर्ष देशभर गाजला. १९०६ साली वॉशिंग्टन येथे स्थापन झालेल्या क्रीडांगण-परिषदेचे पहिले मोठे अधिवेशन १९०७ साली शिकागोतच भरलेले असल्याने गावोगावचे नगरसेवक ह्या उद्यानांकडे आधीच आशेने पाहत होते. तथापि अशा आकड्यांवर भिस्त ठेवताना जपावे. वस्तीत त्याच काळात इतर बदलही होत असतात. पोलिसांची धरपकड कमीजास्त होते. आणि जो मुलगा मैदानावर येतो तो मुळातच कमी वांड असू शकतो. क्रीडांगणाची शिफारस गुन्हे कमी करण्याचे यंत्र म्हणून केली की ज्या वर्षी गुन्हे वाढतील त्या वर्षी ते बंद करण्याची मागणी येईल. मुलाला खेळावयास मिळावे याला खेळ हेच कारण पुरे आहे.

आणि मैदाने असूनही काय होऊ शकते, हे त्याच शहराने १९१९ साली पाहिले. त्या वर्षी २७ जुलैला रविवार होता, उकाडा फार होता, आणि लोक सरोवराच्या काठी लोटले होते. किनाऱ्याची कायद्याने वाटणी झालेली नव्हती. परंतु २५ व्या रस्त्यापाशी निग्रो लोकांनी आणि २९ व्या रस्त्यापाशी गोऱ्यांनी पोहावयाचे असा रूढीचा दंडक पडून गेला होता. यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा निग्रो मुलगा सोबत्यांबरोबर लाकडी तराफ्यावर खेळत असता तो तराफा वाहत ह्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडे गेला. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारण्यास सुरुवात केली, आणि मुलगा बुडून मेला. दगड मारणाऱ्यास पकडण्याचे तेथे असलेल्या गोऱ्या पोलिसाने नाकारले. त्यानंतर आठवडाभर शहरात दंगल चालली. ३८ माणसे मेली, त्यांत २३ निग्रो व १५ गोरे. ५०० हून अधिक जखमी झाली आणि सुमारे हजार माणसांची घरे गेली. ज्या टोळ्यांनी ह्या दंगलीत पुढाकार घेतला त्यांतील कित्येक स्वतःस ‘ॲथलेटिक क्लब’ म्हणवीत. त्यांत ‘रेगन्स कोल्ट्स’ नावाचा क्लब विशेष कुप्रसिद्ध होता. एका राजकारणी पुढाऱ्याचा त्यास आश्रय होता. खेळासाठी जमलेल्या तरुणांना पुढारी हवा असतो, तो शहराने दिला नाही, तेव्हा तो दुसऱ्या कोणी दिला.

दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा विस्तृत अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात उद्याने, क्रीडांगणे व स्नानाचे किनारे ह्यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. निग्रो वस्तीच्या लगतची कित्येक उद्याने नावाला सर्वांची होती. प्रत्यक्षात गोऱ्या टोळ्यांच्या धाकाने निग्रो मुले तिकडे फिरकत नसत. १९०५ च्या त्या सुंदर क्रीडागृहांची दारे उघडी होती, पण तेथवर जाण्याची वाट बंद होती. शहराच्या गौरवगाथेत हे पान सहसा वाचले जात नाही. ते वाचल्यावाचून त्या गौरवाची खरी किंमत कळत नाही.

टोळ्यांचा प्रश्न पुढे विद्यापीठाने अभ्यासास घेतला. फ्रेडरिक थ्रॅशर ह्यांनी शिकागोतील १,३१३ टोळ्यांची पाहणी करून १९२७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. टोळी म्हणजे जन्मजात गुन्हेगारांचा मेळावा नव्हे. रस्त्यावर खेळण्यासाठी जमलेल्या पोरांचे संघर्षातून घट्ट होत गेलेले ते कूळ असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. क्लिफर्ड शॉ ह्यांनी पूर्वी देखरेख-अधिकारी म्हणून मुलांबरोबर काम केलेले होते. १९३४ च्या सुमारास त्यांनी एक निराळी योजना उभी केली. बाहेरून विद्वान कार्यकर्ते पाठविण्याऐवजी वस्तीतीलच वडीलधाऱ्यांची समिती करावयाची, खेळ व शिबिरे तिने चालवावयाची, आणि पगारी कार्यकर्ताही शक्यतो त्याच गल्लीत वाढलेला असावयाचा. पोलादाच्या कारखान्यांजवळील पोलिश वस्तीत, रसेल स्क्वेअर येथे, ह्याची सुरुवात झाली. तिने गुन्हे किती घटले याविषयी पंडितांत एकमत नाही. परंतु आपल्या गल्लीतील पोरांची लाज गल्लीला वाटावी ही जी मूळ कल्पना, तिचे मोल आकड्यांनी मापण्यासारखे नाही.

अशा गल्लीतल्या माणसाचे उत्तम उदाहरण जोसेफ मीगन ह्यांचे आहे. कत्तलखान्यांमागील वस्तीतच डेव्हिस स्क्वेअर हे १९०५ सालचे उद्यान होते, आणि मीगन त्याचे संचालक होते. त्या वस्तीत पोलिश, लिथुएनियन, स्लोव्हाक, आयरिश असे निरनिराळे समाज राहत. धर्म एकच, रोमन कॅथलिक. पण प्रत्येकाचे चर्च वेगळे, पाद्री वेगळा, आणि एकमेकांशी बोलणे नाही. मुलांचे मैदान मात्र एक. मुलांच्या निमित्ताने मीगनना सर्व घरांची दारे उघडी झालेली होती. १९३९ साली सॉल अलिन्स्की ह्यांच्या जोडीने त्यांनी ह्या सर्वांना एका परिषदेत आणले. पाद्री, दुकानदार आणि कत्तलखान्यांतील कामगारसंघ एका टेबलाशी बसले. ह्या परिषदेने मुलांना दुपारचे गरम जेवण मिळावे म्हणून जी खटपट केली ती पुढे वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. उद्यानाच्या संचालकाचे काम म्हणजे दिवे लावणे व कुलूप घालणे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी मीगन ह्यांचे चरित्र पाहावे.

१९३४ साली शहरातील २२ उद्यानमंडळे एकत्र करून एकच मोठे मंडळ स्थापन झाले. कारभार सुटसुटीत झाला, पण पैशाची वाटणी न्याय्य झाली नाही. कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषी वस्त्यांतील उद्यानांवर कमी खर्च होतो अशी फिर्याद अमेरिकेच्या न्यायखात्यानेच १९८२ साली ह्या मंडळावर लावली. पुढील वर्षी तडजोडीचा हुकूमनामा होऊन मंडळास त्या वस्त्यांकडे पैसा वळवावा लागला. एकाच शहरात एका मैदानावर तीन शिक्षक आणि दुसऱ्यावर तुटका झोका अशी स्थिती असली, तर ते पक्षपाताचेच काम होय. आणि माणूस नेमला म्हणजे काम झाले, असेही नाही. २०२१ साली ह्याच मंडळाच्या जीवरक्षक विभागातील तरुण मुलींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्याचे उघडकीस आले. चौकशीत झालेल्या दिरंगाईवरून गदारोळ उठला आणि मुख्य अधिकाऱ्यास पद सोडावे लागले. मुलांवर देखरेख ठेवणाऱ्यांवर कोणाची देखरेख असावी, हा प्रश्न आईबापांनी विचारण्यास संकोचू नये.

ह्याच मंडळाच्या एका साध्या शिक्षिकेने काय केले तेही सांगितले पाहिजे. १९६५ च्या सुमारास केनेडी प्रतिष्ठानाच्या साहाय्याने शिकागोच्या काही उद्यानांत बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलांसाठी खेळांचे वर्ग सुरू झाले. त्या काळी अशा मुलांना घराबाहेर काढणेच लोकांना नको वाटे. वेस्ट पुलमन उद्यानातील ॲन मॅक्‌ग्लोन ही विशीतली व्यायामशिक्षिका असे वर्ग घेत असे. शिकवताना तिला दिसून आले की ही मुले शर्यतीत धावू इच्छितात, पोहू इच्छितात आणि जिंकूही इच्छितात. शहरातील अशा सर्व मुलांची एक क्रीडास्पर्धा भरवावी अशी योजना तिने मांडली. प्रतिष्ठानाच्या युनिस केनेडी श्रायव्हर ह्यांनी ती पाहून शहरापुरती न ठेवता देशभराची करा असे सुचविले आणि २५,००० डॉलर दिले. २० जुलै १९६८ रोजी सोल्जर फील्ड ह्या प्रचंड क्रीडागारात अमेरिकेच्या २६ संस्थानांतून व कॅनडातून सुमारे हजार स्पर्धक जमले. प्रेक्षक मात्र इतके तुरळक होते की तो रिकामा प्रेक्षकमंच भकास दिसावा. आज ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ ह्या नावाने जगभर चालणाऱ्या चळवळीचा तो पहिला दिवस. ती शिक्षिका पुढे कायदा शिकली आणि इलिनॉय संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाची मुख्य न्यायाधीश झाली. हे पद मोठे खरे. परंतु उद्यानातल्या वर्गात ती जे डोळे उघडे ठेवून पाहत होती, त्याला कोणत्याही पदाची गरज नव्हती.

शिकागोच्या ह्या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत आलेला आहे. शिकागो विद्यापीठाची पदवी घेतलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. १९२६ साली भायखळ्याजवळ नागपाडा येथे ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू झाले. हल हाउसचा कित्ता येथे गिरवावयाचा होता, पण वस्ती शिकागोहून अधिक गुंतागुंतीची होती. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, बगदादी यहुदी अशी घरे एकाच भागात. आणि १९२९ व १९३२ सालच्या दंग्यांनी मुंबई होरपळलेली. अशा ठिकाणी खेळ, वाचनालय, वर्ग व व्याख्याने ह्यांच्या द्वारा शेजाऱ्यांना एकत्र आणण्याचे काम ह्या गृहाने केले. हिंदू-मुसलमान प्रश्नावर मॅनशार्ट ह्यांनी १९३६ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने समाजकार्याचे शिक्षण देणारी पहिली हिंदी शाळा निघाली, मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले, आणि तिचे वर्ग नागपाड्याच्या ह्याच इमारतीत भरू लागले. १९४४ पासून ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ह्या नावाने ओळखली जाते. खेळावर मुलांना सांभाळणारी माणसे शिकवून तयार करावी लागतात, हे बॉस्टनच्या वाळूपाशी दिसलेले सत्य मुंबईत अशा रीतीने विद्यालयाच्या रूपास आले. आणि नागपाड्याच्या त्या दाट गल्ल्यांत बास्केटबॉलचे जे वेड लागले ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले; तेथील मैदानांवर वाढलेली मुले पुढे महाराष्ट्राच्या आणि भारताच्या संघांतून खेळली.